झालर काढली, गळ्याला पंखा दिला: सिनेमातल्या डायनासोरपासून स्वतःची प्रजाती घडवताना

१९९३ च्या 'जुरासिक पार्क'मधला डायलोफोसॉरस ज्यांनी पाहिलाय त्यांना तो विसरता येत नाही. मानेभोवती फुलणारी झालर, डोक्यावर दोन तुरे आणि तोंडातून थुंकलेलं काळं विष. त्याच्यापासून सुरुवात करून, पण त्याची नक्कल न वाटता, स्वतःची म्हणता येईल अशी काल्पनिक प्रजाती घडवायचं काम जानेवारी २०२४ मध्ये हातात घेतलं. मार्च २०२५ मध्ये कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र आलं आणि ते पूर्ण झालं. नांदेडमध्ये राहून, जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल त्या साहित्यावर हे करता येतं. सुरुवातीला मात्र कुठून धरायचं तेच कळत नाही, म्हणून घडलं त्याच क्रमाने सगळं लिहितोय.

पहिले दोन आठवडे पेन्सिल बाजूला ठेवायची. एका कागदावर तीन रकाने आखायचे: जीवाश्मात आहे ते, सिनेमाने घातलंय ते, आणि कुणाच्याच मालकीचं नाही ते. सगळं काम या कागदावर उभं राहतं. दोन तुरे जीवाश्मात आहेत, नाकाच्या आणि अश्रुपिंडाजवळच्या हाडांपासून बनलेले. वरच्या जबड्यात पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये असलेली खाचही जीवाश्मातलीच. हाताला चार बोटं, त्यातलं चौथं अगदी बारीक, हेही खरं. झालर मात्र पूर्णपणे सिनेमाची. विष मूळ १९९० च्या कादंबरीतून आलं. जीवाश्मात दोन्हींचा काहीच पुरावा नाही. सिनेमातला प्राणी माणसाच्या उंचीपेक्षा लहान आहे, तर अ‍ॅरिझोनात सापडलेला खरा डायलोफोसॉरस सुमारे सात मीटर लांब आणि साधारण चारशे किलोचा होता. तिसऱ्या रकान्यात 'अंग फुलवून घाबरवणं', 'आधी निरुपद्रवी वाटणं', 'लांबून प्रतिकार करणं' अशा गोष्टी येतात. या कल्पना सरडेही वापरतात, पक्षीही वापरतात. त्या कुणालाही वापरता येतात.

हा कागद कायद्याच्या दृष्टीनेही कामाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या माणसाचं स्पष्ट मत झालं की दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, तर तो भंग. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे या सिनेमाचा २०५३ च्या अखेरपर्यंत. त्यामुळे 'जुना सिनेमा आहे, आता काय' असं म्हणून चालत नाही. रंग बदलला, शेपटीवर काटे लावले, की प्राणी नवा होत नाही. झालर, विष आणि जोडतुरा हे त्रिकूट एकत्र दिसलं की बघणारा लगेच ओळखतो. ते त्रिकूटच मोडलं पाहिजे.

मोडायचं तर आतून मोडायचं, असं मी ठरवलं. प्राणी कुठे राहतो, काय खातो, कुणाला भितो हे आधी पक्कं करायचं आणि शरीर त्यातून येऊ द्यायचं.

मराठवाड्यात पायाखाली बहुतेक ठिकाणी दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात डायनासोरची हाडं शोधत बसण्यात अर्थ नाही. देगलूर-बिलोलीकडे बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट दिसू लागतो, तो तर डायनासोरांच्या कितीतरी आधीचा. पण हीच गोदावरी खाली उतरून प्राणहितेला भेटते त्या खोऱ्यात कोटा नावाचा खडकांचा थर आहे, ज्युरासिक काळातला. बारापासॉरस आणि कोटासॉरस हे लांब मानेचे शाकाहारी तिथलेच. डायलोफोसॉरसही ज्युरासिकच्या सुरुवातीचा, म्हणजे काळ जवळपास जुळतो. कोटा थरातल्या चुनखडीत लेपिडोटिस नावाच्या, जाड चकचकीत खवल्यांच्या माशांचे जीवाश्म भरपूर आहेत. आपला प्राणी राहायला इथे, ज्युरासिक गोदाखोऱ्यातल्या तळ्यांच्या काठी. हे ठरलं आणि जीवात जीव आला, कारण त्यानंतरचे बरेच निर्णय आपोआप झाले.

फेब्रुवारीत हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरसचा उभा केलेला सांगाडा पाहून आलो. नांदेडहून रेल्वे सोयीची आहे. आपल्याला शाकाहारी करायचा नसला तरी हा सांगाडा पाहावा, कारण हाडाची जाडी, सांध्याची फट आणि कंबरेचं वजन छायाचित्रातून कळत नाही. फोटो काढताना जवळ उभं राहून काढू नका. जमेल तितकं मागे जा आणि झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा पाय फुगतो आणि मागची शेपटी आखडते, आणि त्यावरून मापं घेतली की सगळं प्रमाण बिघडतं. कॅमेरा कंबरेच्या उंचीला धरा आणि चौकटीत पट्टी किंवा ओळखीच्या मापाची वस्तू येऊ द्या.

आता शरीर. मासे धरायचे तर मुस्कट निमुळतं हवं आणि दात शंकूसारखे हवेत, फार कातरी धार नको. वरच्या जबड्यातली खाच ठेवली. ती निसर्गाची आहे, शिवाय निसटता मासा पकडायला तिचा उपयोगही पटतो. मोठ्या शाकाहारींच्या नादी हा लागत नाही, पण त्यांची नुकती जन्मलेली पिल्लं मात्र धरतो.

आकार ठरवताना वजन लांबीच्या घनात बदलतं हे लक्षात ठेवायचं. लांबी निम्मी केली की वजन आठवा भाग होतं. मी सात मीटरच्या साठ टक्के, म्हणजे ४.२ मीटर लांबी घेतली. ०.६ चा घन ०.२१६, म्हणून चारशे किलोवरून साधारण ८५ किलो. कंबरेशी उंची ९० सेंटिमीटर, कवटी ३४ सेंटिमीटर. ही मापं एका कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात.

मग बाजूने दिसणारा सांगाडा काढायचा, आणि त्यावर स्नायू. इथे बहुतेकांचं चार जागी बिघडतं. मांडी सरळ उभी काढली जाते. खरं तर मांडीचं हाड पुढे झुकलेलं असतं, गुडघा पोटाच्या बाजूला येतो, म्हणून पाऊल शरीराच्या वजनाखाली पडतं. तसं नसेल तर प्राणी तोंडावर पडेल, आणि शास्त्र न शिकलेल्या माणसालाही चित्रात काहीतरी चुकलंय हे जाणवतं. दुसरं, शेपटीचं मूळ बारीक काढलं जातं. मांडी मागे ओढणारा मोठा स्नायू शेपटीत असतो, त्यामुळे तिथे ती चांगली जाड हवी. तिसरं, तळहात जमिनीकडे वळलेले दाखवतात. दोन पायांवर चालणाऱ्या या मांसाहारी डायनासोरांत तळहात एकमेकांकडे असतात, टाळी वाजवताना असतात तसे. चौथं, कवटीवर कातडी थेट ताणून बसवतात आणि डोळ्यांमागची भोकं खड्ड्यांसारखी दाखवतात. जबड्याचे स्नायू तिथेच भरलेले असतात.

झालरीच्या जागी काय आणायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जावाच. सिनेमातली झालर ऑस्ट्रेलियातल्या झालरवाल्या सरड्यावरून सुचल्यासारखी दिसते. ती समोरून उघडते, चेहऱ्याभोवती वर्तुळ होतं. आपल्या माळरानावर वेगळा नमुना आहे. उन्हाळ्यात दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडमिट करणारा नर सरडा तुम्ही पाहिला असेल. त्याचा पंखा उभा आणि एका प्रतलात असतो, त्यामुळे तो बाजूनेच दिसतो. एवढ्या एका फरकाने प्राण्याची सगळी वागणूक बदलते. झालरवाल्याला शत्रूकडे तोंड करावं लागतं. पंखावाल्याला आडवं वळावं लागतं, आपली पूर्ण लांबी दाखवावी लागते. मग पाठ कमानदार होते, शेपटी उचलली जाते, एक पाय वर येतो. उभं राहण्याची ढबच नवी मिळते.

पंखा कशावर ताणला जाईल हेही सांगता आलं पाहिजे. सरड्यात जिभेखालच्या हायॉइड हाडाच्या लांब दांड्या तो पसरतात. डायनासोर ज्या गटात येतात, त्यातल्या सुसरीचं हायॉइड साधंच असतं, पण पक्ष्यांत ते लांबलंय. सुतार पक्ष्यात तर या दांड्या कवटीला मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतात. म्हणजे ही उडी मोठी आहे, तरी अशक्य नाही. एका प्राण्यात अशी एकच उडी घ्यावी. दुसरी घेतली की विश्वास उडतो. दांडी १४ सेंटिमीटरची ठेवली. ती मिटल्यावर गळ्याला समांतर बसली पाहिजे आणि मान वाकवल्यावर छातीला अडता कामा नये. आधी हे कागदाच्या कातरणावर टाचणी लावून हलवून पाहा.

विष पूर्णपणे काढलं. त्याऐवजी आवाज. माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारा हुंकार काढतो. सुसरीही तोंड न उघडता घुमतात. आपल्या प्राण्याला पंख्याच्या मुळाशी तशी पिशवी दिली. तळ्याकाठच्या धुक्यात आधी हुंकार ऐकू येतो आणि मग पंखा उघडतो. भीती तशीच राहते, येण्याचा मार्ग बदलतो. जोडतुऱ्याच्या जागी डोळ्यांवर सुरू होऊन मागे जाणारा एकच बुटका, रुंद उंचवटा आला, त्यावर नखासारख्या द्रव्याचं आवरण, वयानुसार झिजलेलं.

मार्चमध्ये छायाकृतीची परीक्षा घेतली. चित्र पूर्ण काळं भरायचं, दोन सेंटिमीटरएवढं छोटं करायचं आणि नाव न सांगता दाखवायचं. सिनेमा पाहिलेल्यांनाही आणि न पाहिलेल्यांनाही. 'हे कशासारखं वाटतं?' एवढाच प्रश्न विचारायचा. एकानेही सिनेमाचं नाव घेतलं तर परत रकान्यांच्या कागदाकडे. शेजारचा आठवीतला पोरगा म्हणाला, "हे सरड्यासारखं दिसायलंय, पण कोंबडीसारखं उभं राहिलंय." त्या दिवशी फार आनंद झाला, कारण त्याने सिनेमा पाहिलेला होता.

एप्रिलपासून मूर्ती. प्रमाण एकास दहा, म्हणजे ४२ सेंटिमीटर लांब. कण्याला आणि पायांना २ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम तार दुहेरी पीळ देऊन, हातांना १ मिलिमीटरची. पीळ हाताने समान येत नाही, ड्रिलच्या तोंडात दोन्ही टोकं धरून फिरवा. पायांतल्या तारा पावलाखाली दीड-दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. त्या १२ मिलिमीटरच्या एमडीएफच्या पाटात भोक पाडून बसवायच्या असतात. सुताराकडे कापातला तुकडा सहज मिळतो. अंग भरायला स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून घट्ट ठोकायचं. ते सैल राहिलं तर वरचा थर दाबताना आत जातं आणि महिन्याभराने तडे दिसतात. पाटावर बसवण्याआधी मूर्ती कंबरेशी दोरा बांधून टांगा. नाक खाली गेलं तर शेपटीत फॉइल वाढवा, आडवी राहिली की पुढे जा.

त्यावर दोन भागांची इपॉक्सी पुटी, तीन-चार मिलिमीटर जाड. नळाची गळती थांबवायला वापरतात तीच चालते. दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंग एकजीव होईपर्यंत मळा, नाहीतर मधे मऊ डाग राहतात आणि ते कधीच वाळत नाहीत. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही पुटी भराभर घट्ट होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून एका वेळी बोराएवढाच गोळा मळायचा आणि काम पहाटे करायचं. तेलाची माती वापरणाऱ्यांचं उलट होतं, दुपारी ती इतकी मऊ पडते की ठसे टिकत नाहीत. बोट पाण्यात बुडवून पुटी गुळगुळीत करा, पण हातमोजे घालाच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की पाठ सोडत नाही. घासताना मास्क हवा.

खवल्यांचा मोह आवरा. जिवंत प्राण्यात तीन मिलिमीटरचा खवला या मूर्तीवर ०.३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे दिसणारच नाही. तरी कोरला तर प्राणी मगरीच्या पिल्लाएवढा वाटतो. फक्त पाठीवरचे मोठे खवले आणि सांध्यांवरच्या सुरकुत्या कोरा. पंख्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर टिश्यू पेपरचे दोन थर, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने. दिव्यासमोर धरलं की कडा उजळतात, अगदी कातडीसारख्या.

रंगाबद्दल थोडकंच. राखाडी प्रायमर, मग अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात. सिनेमातली झालर पिवळ्या-तांबड्याकडे झुकते, म्हणून पंखा निळा-काळा आणि फक्त कडेला गंजाचा रंग. स्प्रेचं वॉर्निश पावसाळ्यात दमट दिवशी मारू नका, पांढुरकं पडतं. ऑगस्टमध्ये कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबावं लागलं. तार, पुटी, रंग, पाट मिळून साहित्याचा खर्च साधारण अडीच हजार रुपये. रेखाटनाला क्रिटा आणि मापं तपासायला ब्लेंडर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट.

नावासाठी 'गोदावरीसॉरस' पहिल्यांदा सुचतं, पण ते नाव कोटा थरातल्याच एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याला २००१ मध्ये दिलेलं आहे. जीवाश्मांच्या खुल्या माहितीकोशात आणि झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या नोंदवहीत शोधल्याशिवाय नाव ठरवू नका. शेवटी 'पंखकंठ गोदातीरी' ठेवलं. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत काल्पनिक प्राण्यांची नावं धरलीच जात नाहीत, त्यामुळे शास्त्राला त्रास नाही. तरी प्रत्येक चित्रावर, चित्राच्या आत, 'काल्पनिक प्रजाती' असं लिहाच. कोपऱ्यात नको, अंगावरून जाईल असं. नाहीतर 'गोदावरीकाठी डायनासोर सापडला' म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल, आणि खऱ्या जीवाश्मांवर काम करणाऱ्यांना निस्तरत बसावं लागेल.

सप्टेंबरमध्ये नोंदणीचा अर्ज केला. कॉपीराइट कलाकृती तयार होताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर, नमुना १४. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. एका अर्जात एकच कलाकृती, म्हणून रेखाटन आणि मूर्ती यांचे अर्ज वेगळे. हीच कलाकृती मालावर, वेष्टनावर वापरणार असाल तर शुल्क २,००० आणि शिवाय ट्रेडमार्क कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते आधी ठरवा. वर्णनाच्या रकान्यात सिनेमाचं नाव लिहायचं कारण नाही. आपल्या प्राण्याची अंगं लिहा: उभा कंठपंखा, एकेरी उंचवटा, आडवं उभं राहणं.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी सक्तीची थांबणूक असते. मग छाननी. त्रुटी निघाली तर पत्र येतं आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. ते पत्र ईमेलच्या स्पॅममध्ये पडून मुदत संपू शकते, म्हणून आठवड्यातून एकदा डायरी क्रमांक टाकून स्थिती स्वतः पाहा. हे सगळे महिने अस्वस्थ करणारे असतात, कारण करायला काहीच नसतं. तोवर रकान्यांचा कागद, तारखा टाकलेली रेखाटनं आणि मूर्तीचे टप्प्याटप्प्याचे फोटो एका फाइलमध्ये लावले. कुणी नक्कल म्हटलं तर हीच फाइल दाखवायची.

खेळणी किंवा साचे करून विकायचा विचार असेल, तर त्याचा कायदा वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी रचना नोंदवली नाही आणि ती औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरवली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइनची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते. व्यक्तीसाठी शुल्क १,००० रुपये, संरक्षण दहा वर्षं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. पण ती रचना अर्जाआधी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी लागते, आणि समाजमाध्यमावर टाकलेला फोटो हीदेखील प्रसिद्धीच. मला पंखकंठाची लहान खेळणी करायची आहेत आणि तो अर्ज अजून जायचाय, म्हणून या लेखासोबत रंगवलेल्या मूर्तीचा फोटो नाही.